पावसासाठी सोडलेली जागा

मार्च सरत आला की तिकडे सौदीत ताइफच्या डोंगरावर गुलाब फुलतो आणि इकडे दापोलीजवळच्या माझ्या गावात माझा मोबाइल वाजतो. मुसफिर लिहीत नाही, बोलून पाठवतो. आधी सलाम, मग माझ्या गुडघ्यांची चौकशी, मग बायकोची, मुलांची, आंब्याची. त्यानंतर यंदा गुलाब लवकर आला की उशिरा, थंडी किती लांबली, घाटातल्या माकडांनी कोणाच्या गाडीतून काय पळवलं. त्याचा आवाज ऐकला की पहिला क्षणभर मला फार बरं वाटतं. मग कानाच्या पाळ्या तापायला लागतात. साठी उलटलेल्या माणसाने लाजावं हे काही शोभत नाही, पण हे लाजणं नव्हे, ही लाज. लाजणारा माणूस चारचौघांत गोड दिसतो. लाज वाटणारा माणूस आधी खिडकी लावून घेतो.

यंदाचा निरोप आज सकाळी आला. अर्धा ऐकला, आणि बायकोने चहाला हाक मारली हे निमित्त पुरवून बंद केला.

ताइफच्या गुलाबाबद्दल बोलताना लोक अत्तराच्या गोष्टी सांगतात. उन्हाआधी तोडलेली फुलं, तांब्याची मोठाली भांडी, त्यांतून थेंबाथेंबाने उतरणारं गुलाबपाणी. ते मीही पाहिलं आहे. पण त्या हंगामाचा माझ्या नाकात बसलेला वास ओल्या लाकडाचा आहे. तिकडे अथल नावाचं झाड असतं, आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूचा चुलतभाऊ वाटावं असं. बारीक बारीक पानं, आणि त्यांच्यावर चक्क मीठ साचतं. ताज्या ओंडक्यात करवत घातली की आंबूस, दमट वास सुटायचा, भुसा बोटांना चिकटायचा. एकदा सहज जीभ लावून पाहिली तर खारट. इतक्या उंच कोरड्या डोंगरावर मला त्या चिमूटभर भुशाने आमच्या खाडीची आठवण करून दिली.

तोवर कित्येक वर्षं मी लाकडाला हातच लावला नव्हता. सुतार होतो, वर्कशॉपचा मुख्य कारागीर होतो, पण काम सगळं एमडीएफचं. भुसा दाबून केलेल्या त्या फळीला रेषा नाही, गाठ नाही, स्वभाव नाही. कापा, चिकटवा, स्क्रू मारा, पट्टी लावा. बायको फोनवर विचारायची, "आज किती खोकी केलीत?" तिचं काही चुकत नव्हतं. घरात दोन पिढ्यांचं सुतारकाम, बापाने फणसाचे आणि आइनाचे वासे चढवलेले, आणि मी परदेशात खोकी करत होतो.

म्हणून आमचे कफील, म्हणजे ज्यांच्या नावावर आमचा परवाना होता ते मालक, अबू नासर एके दिवशी ते काम घेऊन आले तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. त्यांच्या एका मित्राची, अबू सालेमची, डोंगरात गुलाबाची शेती होती. विहिरीजवळची अथलची रांग सगळं पाणी पिते म्हणून त्याने ती झाडं पाडली होती. आता त्याच लाकडाची आजोबांच्या काळासारखी बैठक त्याला बांधून हवी होती. खांब, तुळया, भोवती कठडा, सगळं खाच पाडून आणि खुंटी मारून जोडलेलं. खिळा दिसता कामा नये. गुलाबाचा हंगाम सुरू झाला की पाहुणे तिथे बसून गहवा, म्हणजे त्यांची ती कॉफी, पिणार होते.

ती सौदीकरणाची वर्षं होती. सरकारने प्रत्येक आस्थापनेला रंग दिला होता. पटावर त्यांच्या देशातली माणसं पुरेशी असली तर हिरवा, कमी पडली तर पिवळा, अगदीच नसली तर लाल. लाल रंगवाल्याकडे कामगारांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, नव्याने होत नसत. आमचं वर्कशॉप लाल होतं आणि माझा इकामा गुलाबाच्या हंगामाबरोबर संपत होता. तेव्हा अबू नासरनी अबू सालेमच्याच एका चुलतभावाचं नाव पटावर घातलं. तो मुसफिर. पन्नाशीचा, जन्मभर पाण्याचा टँकर चालवलेला माणूस. अशी माणसं कामावर येत नसत. नाव पटावर, पगार घरी, हा रिवाजच पडला होता. माझ्याबरोबर पॉलिशचं काम करणारा, आमच्याच गावचा दाऊदभाई, त्याने न पाहिलेल्या मुसफिरचं बारसं करून टाकलं.

"आपला हिरवा आला रे," तो म्हणाला. "येनार नाय कदी, पन आला."

पण हिरवा आला. एका सकाळी पांढरीशुभ्र पायघोळ तोब घालून, हातात गहव्याचा थर्मास आणि खजुराचं खोकं घेऊन तो डोंगरावर कामाच्या जागी हजर झाला. आम्हाला वाटलं, पाहुणा आहे. आम्ही त्याला बसायला फळी झटकून दिली. तो बसला नाही.

"नाव तर तुम्ही घेतलंत," तो मला म्हणाला. "हातांचं काय करू?"

मी हसलो. माझ्या मोडक्या अरबीत म्हटलं, घरी जा, आराम कर, पगार येईल. त्याने सांगितलं की त्याचा बाप डोंगरातल्या घरांची छपरं घालायचा. पोरगा म्हणून मुसफिरने ते काम शिकायचं, तर त्याला गाडीचं वेड लागलं. "बाप छपरावर असायचा, मी गाडीत. आता घरात बसलो की बायको म्हणते, तुझ्या नावाला पगार मिळतो, मग तू कशाला उठतोस?" हे सांगताना तो हसत होता, पण खाली बघून. दुसऱ्या दिवशी जुनी विजार आणि बनियन घालून आला आणि यायचा थांबलाच नाही.

तिकडे कारागिराला मुअल्लिम म्हणतात. मास्तरालाही मुअल्लिमच. मुसफिर मला तशी हाक मारायचा तेव्हा मला दोन्ही ऐकू यायचं, आणि खरं सांगायचं तर दोन्ही आवडायचं. ओल्या लाकडालाही अरबीत हिरवंच म्हणतात. दाऊदभाईला ते कळल्यापासून त्याला ऊतच आला. एक हिरवा दुसऱ्या हिरव्याला रंधा मारतोय, म्हणायचा. मुसफिरला कोणी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा तोच सगळ्यांत जास्त हसला.

मी तेव्हा सुखात होतो. हे लिहिणं आवश्यक आहे, कारण पुढचं सगळं त्या सुखातूनच झालं. कित्येक वर्षांनी पटाशीखाली खरं लाकूड होतं. ओल असल्यामुळे ते लोण्यासारखं सुटत होतं. दुपारी वारा सुटला की गुलाबाच्या अजून न उमललेल्या ताटव्यांवरून थंड झुळूक यायची आणि माझ्या हातांना डोकं विचारावं लागत नव्हतं. हात आपले बापाच्या अंगणात जाऊन पोचले होते.

आमच्या बापाचा एक नियम होता. कोकणात सुतारकाम चालतं ते कोरड्या दिवसांत, आणि मग चार महिने लाकूड पाणी पितं, फुगतं. म्हणून सांधा नेहमी जरासा सैल ठेवायचा. फटीत पोस्टकार्ड सरकलं पाहिजे. पाऊस आला की तो सांधा असा आवळला जातो की नखही शिरत नाही. "पावसासाठी जागा सोडावी," बाप म्हणायचा. मीही सोडली. खांबाला सोडली, तुळईला सोडली. पोस्टकार्ड कुठून आणणार, म्हणून खजुराच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याचं माप केलं आणि तो तुकडा मुसफिरच्या हातात दिला. भोवतालचा कठडा पूर्ण त्याच्याकडे सोपवला. ते त्याचं पहिलं स्वतंत्र काम.

"जागा कशाला?" त्याने विचारलं.

"पावसासाठी."

त्याने डोंगराकडे पाहिलं. "इथे?"

माणसाला शहाणपणाचं वाक्य सुचलं की गिळता येत नाही. मी म्हटलं, "लाकूड पावसाची वाट बघतं, मुसफिर." तेव्हा ते फार छान वाटलं होतं. मुसफिरला तर इतकं आवडलं की त्याने ते अबू सालेमला सांगितलं, मजुरांना सांगितलं, घरी बायकोलाही सांगितलं. आज ते वाक्य आठवलं की मी एकटा असलो तरी घसा खाकरतो.

ताइफला पाऊस पडतो, नाही असं नाही. ढग गडगडतात, एखादी सर येते, तासाभरात जमीन वाळते. पण ओल्या लाकडाला त्या हवेत फुगायचं कारणच नाही. ते दिवसेंदिवस आटत जातं. माझी सोडलेली फट आणि लाकडाने स्वतः घेतलेली फट, दोन्ही मिळून वाढत होत्या. दुपारच्या उन्हात टक्, टक् असे आवाज यायचे. मी मुसफिरला सांगायचो, लाकूड बोलतंय. बोलत होतंच, ऐकणारा मी कोकणातला होतो.

आणखी एक गोष्ट माझ्याबरोबर कोकणातून आली होती. आमच्याकडे स्वतःच्या कामाला चांगलं म्हणणं म्हणजे उद्धटपणा. बाई दिवसभर राबून पाच पदार्थ करते आणि पाहुण्याला म्हणते, काहीच केलं नाही हो, आमटीही जमली नाही. पाहुणा नको नको म्हणत ताट पुढे करतो. सगळ्यांना सगळं कळत असतं. मीही असाच वाढलेला. अबू सालेम रोज संध्याकाळी यायचा, खांबावरून हात फिरवायचा आणि वाहवा करायचा, आणि मी रोज म्हणायचो, "छे, कसलं काय. चुका आहेत बऱ्याच. हात आता पूर्वीसारखा राहिला नाही." तो अबू नासरना म्हणायचा, "बघ, या हिंदी माणसाची अदब बघ." मी मान खाली घालून हसायचो. कौतुक वाढवायची ही आमची जुनी रीत, आणि तो सबंध हिवाळा मी ती मनापासून वापरली.

हंगामाच्या पहिल्या तोडीचा दिवस होता. बैठकीत गालिचे घातले होते, मध्ये ताज्या गुलाबांचा ढीग. अबू सालेमचे थोरले काका, अंगाने चांगले भरलेले, गहव्याची पेली घेऊन कठड्याला टेकले. कठड्याने एकदा कर्र केलं आणि खुंटीसकट सांधा खाचेतून सरळ बाहेर आला. काका, पेली आणि कठडा तिघेही बाहेरच्या ताटव्यात. काट्यांनी तोब फाटली, बाकी काही झालं नाही. ते उठून बसले, दाढीतून एक पाकळी काढली आणि आधी तेच हसले. मग सगळी बैठक हसली.

"मुसफिर!" अबू सालेम हसू आवरत ओरडला. "हे तुझं काम ना? टँकर चालवणाऱ्याच्या हातात पटाशी!"

मुसफिर दाराशी उभा होता. त्या दिवशी त्याने परत पांढरी तोब घातली होती. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते मागे घेतले.

मी लगेच बोललो. हे मी माझ्या बाजूने म्हणून सांगत नाही, कारण बोलून काही झालं नाही. मी म्हटलं, "त्याची चूक नाही. माप माझं होतं. चूक माझी आहे."

बैठकीत एक प्रेमळ कुजबुज झाली. काकांनी माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला. "मुअद्दब," कोणीतरी म्हणालं, "वल्लाह, मुअद्दब." म्हणजे अदबशीर, संस्कारी. मी घाईने एका मोठ्या खांबापाशी गेलो, माझ्या स्वतःच्या सांध्यात बोट घालून दाखवलं. बघा, इथेही फट आहे, हा तर मी केला. अबू सालेमने उठून माझं बोट हळूच बाहेर काढलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "पुरे," तो म्हणाला. "दुसऱ्याची लाज झाकायला स्वतःला इतकं उघडं पाडू नकोस." लोकांचे डोळे पाणावले होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं. रोज खोटं खोटं वापरलेलं वाक्य खऱ्या वेळेला काढलं होतं आणि ते चाललंच नाही.

खाली उतरताना गाडीत मी अबू नासरना परत सांगितलं. त्यांनी गाडीचा वेग कमी केला. "एकदा म्हणालास ती अदब होती, यासीन. दोनदा म्हणालास तर मूर्खपणा. खलास." मग ते सहज बोलल्यासारखे बोलले, "मुसफिर आता घरी बसेल. नाव राहील पटावर. हिरव्याला हात लागत नाही, काळजी करू नकोस." मला इकाम्याची काळजी होती हे त्यांना माहीत होतं. ती खरीच होती. तिसऱ्यांदा मी ते म्हटलं नाही.

मागच्या बाकावर दाऊदभाई होता. खोलीवर आल्यावर त्याने चुलीवर भात ठेवला आणि म्हणाला, "तुला कोनी इचारलान? आपन होऊन कशाला गळ्यात घेतलंस?" थोड्या वेळाने झाकण उघडून बघता बघता त्याने विचारलं, "पन खरंच तुजी चूक होती काय रे?" गावच्या माणसालाही खात्री नव्हती.

दुरुस्ती मीच केली. बोरीच्या वाळलेल्या लाकडाच्या पाचरी करून प्रत्येक सांध्यात ठोकल्या, माझ्या आणि मुसफिरच्या, सगळ्या. बैठक आजही उभी आहे म्हणतात. अबू सालेम येईल त्याला दाखवायचा, मुसफिरने बिघडवलं ते या मुअल्लिमने कसं सावरलं बघा.

मुसफिर आपल्याकडची हत्यारं परत करायला आला होता. हत्यारं माझी होती, त्याने ती पुसून, तेल लावून आणली होती. त्याच्या पिकअपच्या दाराशी उभं राहून मी सगळं समजावून सांगितलं. माझा बाप, आमचा पाऊस, पोस्टकार्ड, इथली हवा. तो नीट ऐकत होता. मला वाटलं, पोचलं. मग त्याने माझ्या खांद्यांवर हात ठेवले आणि माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं, ते लोक वडीलधाऱ्याचं घेतात तसं. "अल्ला तुझं भलं करो," तो म्हणाला. "माझ्यासाठी तू आपल्या बापालाही मध्ये आणलंस."

गाडी गेली आणि मी कपाळ पुसलं नाही. पुसावं की नाही तेच कळत नव्हतं. माझा इकामा त्या हंगामात नवा झाला, त्याच्या नावाच्या हिरव्यावर, आणि पुढे बरीच वर्षं होत राहिला. मुलीचं शिक्षण झालं, हे घर झालं. या घराची दारं मी माझ्या हाताने केली. आता चैत्रात त्यांच्या फटींतून अंगणातला उजेड आत येतो. बायको म्हणते, वारा येतो, काहीतरी लावा. मी म्हणतो, थांब, पावसात मिटेल. मिटते. इथे बापाचा नियम कधी खोटा पडला नाही.

मला कधीकधी वाटतं, हातून चूक झाली याची लाज फार टिकत नाही. पाचर मारली, फटीत लांबी भरली, वर पॉलिश केलं की कारागीर विसरतो. माझी लाज टिकली ती लोकांनी माझ्या चुकीचा हार करून माझ्याच गळ्यात घातला म्हणून. आणि तो घालताना ज्याचा गळा खाली झुकला तो माणूस दरवर्षी मला गुलाबाची खुशाली कळवतो.

दुपारी सगळे झोपल्यावर मी पडवीत बसलो आणि सकाळचा निरोप पुन्हा लावला. यंदा गुलाब जरा उशिरा आला आहे. माकडांनी एका पाहुण्याचा चष्मा नेला. मग मुसफिरचा आवाज थोडा खाली आला.

"मुअल्लिम, हसू नकोस. घरामागे बसायला एक मांडव केला आहे. एकट्याने, शेतातल्या ओल्या अथलचा. पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे. प्रत्येक सांध्यात सरकवून पाहिला. जरा हलतो मांडव, माझा हात तुला ठाऊक आहेच. पण मी बायकोला सांगितलंय, वर चढू नको, हात लावू नको. लाकूड पावसाची वाट बघतंय."

मी बटण दाबलं आणि बोललो. मुसफिर भाई, अल्ला तुला सुखी ठेवो, ती चूक माझी होती, तुझी नव्हती. पाठवण्याआधी ऐकून पाहिलं. फार अदबशीर वाटत होतं. पुसून टाकलं.

मग मला राग आला. कोणाचा ते सांगता येत नाही. पुन्हा बटण दाबलं आणि ताइफच्या वर्कशॉपमध्ये मजुरांवर ओरडायचो त्या आवाजात ओरडलो. "या हुमार! गाढवा! तिथे कसला पाऊस येतोय? तो पुठ्ठा चुलीत घाल! मी कोकणातलं माप तिथे लावलं, मी मूर्ख, आणि तू इतकी वर्षं मला शहाणा समजतोस? सगळे सांधे उघड, घट्ट कर, वाळलेल्या लाकडाच्या पाचरी मार, नाहीतर बायकोच्या डोक्यावर पडेल तो मांडव!" आतून बायको धावत बाहेर आली, काय झालं म्हणून. मी तोवर पाठवूनही टाकलं होतं.

त्याने ऐकलं, तशी खूण उमटली. जन्मात पहिल्यांदा मी त्याच्याशी वाईट बोललो होतो आणि आता तो तुटला, असं मला वाटलं. मग उत्तर आलं. मागे कोंबड्यांचा आवाज होता. यात सलाम नव्हता, गुडघ्यांची चौकशी नव्हती, हसणंही नव्हतं. एवढंच होतं:

"म्हणजे, मुअल्लिम, माझा हात चांगला होता?"